आमरीचा नवा कोंब

बागेची हौस आपल्या घरांतून कांहीं नवी नाहीं. अंगणांत तुळशीवृंदावन, त्याच्या शेजारीं पारिजातक, मागल्या दारीं अळू आणि कर्दळ, कुंपणाशीं जास्वंद व कण्हेर. देवाला फूल आणि स्वयंपाकाला पान मिळावें एवढ्याच हेतूनें लावलेली ही बाग फारशी निगा न मागतां वाढत असे. अलीकडे या जुन्या मंडळींत एक नवी पाहुणी येऊन बसूं लागली आहे. वास्तुशांतीच्या किंवा मुंजीच्या निमित्तानें पुण्या-मुंबईचे आप्त येतात आणि हातांत ऑर्किडची, म्हणजेच आमरीची, एक कुंडी देऊन जातात. जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचा तुरा महिना-दीड महिना घराची शोभा वाढवितो. मग फुलें गळतात, पानें पिवळीं पडतात, आणि पुढला उन्हाळा सरण्यापूर्वीं ती कुंडी परसांत पालथी पडलेली आढळते. ‘आपल्या हवेला तें मानवत नाहीं’ असें म्हणून आपण मोकळे होतों. हें म्हणणें कितपत खरें आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आमच्या सेलूस हा अनुभव विशेष तीव्रतेनें येतो. मनमाडहून सिकंदराबादेस जाणाऱ्या लोहमार्गावरील हें तालुक्याचें गांव. भोंवतीं कापसाची काळी जमीन; मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पौषांतल्या एखाद्या पहांटे तो १० अंशांच्या खालींहि उतरतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे. दमट रानांत वाढलेल्या वनस्पतीला असें गांव म्हणजे सासुरवासच म्हणावयाचा. तरी पण तिचा स्वभाव ओळखून वागविलें तर ती येथेंहि नांदते व दरवर्षीं नवे कोंब धरते, हें आतां अनुभवानें सांगतां येतें. तो अनुभव मात्र एका झाडाचा बळी देऊन मिळालेला आहे.

भाचीनें पुण्याहून डेंड्रोबियम जातीची एक आमरी आणून दिली होती. मीं ती मोठ्या उत्साहानें शेणखत घातलेल्या काळ्या मातींत लावली, आणि तुळशीबरोबर तिलाहि रोज सकाळीं तांब्याभर पाणी मिळूं लागलें. श्रावणांत तिचीं मुळें कुजलीं व दिवाळीपूर्वीं ती गेली. दुसरी आणली, तिला माती दिली नाहीं. पण वैशाखाच्या झळांनीं तिचीं सगळीं पानें गळून नुसत्या तीन उघड्या कांड्या उरल्या. ती कुंडी फेंकून देण्यास मी निघालों असतां आमच्या काकू म्हणाल्या, “अरे, कांडी अजून हिरवी आहे. हिरवी आहे तोंवर जिवंत आहे. मृग तर पडूं दे.” मृग पडला, आणि आर्द्रांच्या सुमारास मधल्या कांडीच्या बुडाशीं हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक हिरवा कोंब दिसला. त्या कोंबानें जें शिकविलें तेंच पुढें मांडीत आहें.

बांडगूळ नव्हे

आमरीच्या कुलांत २५,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतील पुष्कळशा झाडांच्या फांद्यांवर राहतात, म्हणून आपले लोक त्यांना सरसकट बांडगूळ समजतात. ही समजूत चुकीची आहे. बांडगूळ दुसऱ्या झाडांत मूळ खुपसून त्याचा रस पितें. आमरी फांदीचा केवळ आधार घेते, आणि पाणी व अन्न पावसांतून, दंवांतून व सालींत अडकलेल्या पालापाचोळ्यांतून मिळविते. गंमत अशी कीं, यांतील एका प्रसिद्ध गणाचें ‘वांडा’ हें शास्त्रीय नांव संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून आलेलें आहे, आणि वन्दा म्हणजे परोपजीवी वनस्पति. सर विल्यम जोन्स यांनीं हिंदुस्थानांतील वनस्पतींविषयीं केलेलीं टिपणें ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेंत १७९५ सालीं प्रसिद्ध झालीं, त्यांत हें नांव आलें. नांव परोपजीवीचें मिळालें, पण वृत्ति मात्र स्वावलंबी.

ही वृत्ति तिच्या मुळांवरून कळून येते. मूळ हातांत घेऊन पाहिलें तर तें रुपेरी-पांढरें व किंचित् फुगीर दिसतें. वरचें पांढरें आवरण मृत पेशींचें असून तें टीपकागदाप्रमाणें पाणी क्षणांत शोषतें. ओलें होतांच आंतला हिरवा रंग बाहेर दिसूं लागतो. अशा मुळाला पाण्याइतकीच हवेची गरज असते. चिकण काळ्या मातींत तें गाडलें म्हणजे त्याचा श्वास कोंडतो आणि तें कुजतें. पाण्यानें झाड मेलें असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें हवेवांचून मेलेलें असतें.

वाढीच्या दोन तऱ्हा

नव्या वाढीची अपेक्षा करण्यापूर्वीं ती कोठें येणार हें ठाऊक पाहिजे. आमरींच्या वाढीच्या दोन तऱ्हा आहेत. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम या जाती आडव्या खोडानें पुढें सरकत जातात. दरवर्षीं जुन्या कांडीच्या बुडाशीं असलेला डोळा फुटतो, त्याची नवी कांडी होते, आणि तिला फूल येतें. उलट वांडा व फॅलेनॉप्सिस या जाती एकाच शेंड्यानें वर वाढतात. त्यांची नवी वाढ म्हणजे शेंड्यांतून येणारें नवें पान व बुडाजवळून निघणारें नवें मूळ. त्यांच्या बुडाशीं नवें रोप क्वचितच फुटतें. म्हणून फॅलेनॉप्सिसला बाजूचा कोंब येत नाहीं अशी तक्रार करणें व्यर्थ होय. मात्र त्याचा शेंडा कुजला तर वाढीचा मुख्य मार्गच बंद झाला, हें लक्षांत ठेवून त्या शेंड्यांत पाणी सांचूं देऊं नये. चुकून सांचल्यास कापसाच्या बोळ्यानें टिपून घ्यावें.

कोंब, मूळ व फुलाचा दांडा हीं तिन्ही आरंभीं सारखींच दिसतात. मुळाचें टोंक गोल व चकचकीत हिरवें किंवा तांबूस असतें, आणि तें बहुधा खालीं वळतें. डेंड्रोबियमचा कोंब कांडीच्या अगदीं बुडाशीं येऊन लौकरच पानाच्या पापुद्र्यांनीं वेढलेला दिसूं लागतो. फुलाचा दांडा कांडीच्या वरच्या भागांतून निघतो. यांतलें कांहींहि नखानें खरवडून पाहूं नये. कोंबाचें टोंक मोडलें तर त्या जागची वर्षाची वाढ गेली.

जुन्या कांड्यांचें ऋण

पान नसलेली जुनी कांडी निरुपयोगी समजून कापून टाकणें, ही घरोघर होणारी मोठी चूक आहे. कांडी हें आमरीचें कोठार आहे. तिच्यांत पाणी व अन्न सांठविलेलें असतें, आणि नव्या कोंबाला स्वतःचीं मुळें फुटेपर्यंत त्याचें पोषण याच कोठारांतून होतें. घरांतलीं वडील माणसें मिळवतीं नसलीं तरी घर त्यांच्यावर उभें असतें, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक झुडपाला निदान तीन-चार कांड्या ठेवाव्या; पिवळी पडून पोकळ झालेली किंवा दाबल्यास मऊ लागणारी तेवढीच काढावी. कापण्याची कात्री आधीं ज्योतीवर धरून घ्यावी, कारण एका झाडाच्या रसांतून विषाणू दुसऱ्या झाडांत जातात. कापलेल्या जागीं दालचिनीची पूड लावावी, पण ती मुळांना लागूं देऊं नये, कारण ती मुळें सुकविते.

कधीं कधीं कांडीच्या वरच्या पेऱ्यावर फुलाऐवजीं लहान रोप फुटतें. बागवान लोक त्याला हवाई बेटांच्या भाषेंतील ‘केइकी’ या शब्दानें ओळखतात. त्याचा अर्थ बाळ. त्याचीं मुळें दोन-तीन बोटें लांब झालीं म्हणजे तें आईपासून वेगळें करावें, आधीं नव्हे. सिक्कीमचें राज्यपुष्प म्हणून मानलेल्या डेंड्रोबियम नोबिले या जातीला हिंवाळ्यांत थंडी व कोरडी विश्रांति लागते; ती न देतां पाणी व खत चालू ठेवलें तर फुलांच्या जागीं हीं बाळेंच येत राहतात.

बाजारांत डोळा फोडण्यासाठीं संप्रेरकांचीं मलमें मिळतात. सशक्त झाडावर त्यांचा उपयोग होतो. परंतु मुळें नसलेल्या दुबळ्या झाडाला तें लावणें म्हणजे कोठींत दाणा नसतां पंगत बोलावण्यासारखें आहे. कोंब येतो, पण त्याला पोसावयाला घरांत कांहीं नसतें.

रात्रीचा श्वास

उन्हाळ्यांत झाड वाढत कां नाहीं, याचें उत्तर समजण्यासाठीं आपल्या परसांतील पानफुटीकडे पाहावें. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रासेकडे काम करीत असत. पानफुटीचें पान सकाळीं चाखलें तर आंबट लागतें व दुपारनंतर तो आंबटपणा जातो, असें त्यांना आढळलें. १८१३ च्या सुमारास त्यांनीं तें लिहून इंग्लंडास कळविलें. आज त्याचें कारण ठाऊक आहे. अशा वनस्पती दिवसां पानांचीं सूक्ष्म छिद्रें मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाहीं. रात्रीं तीं उघडून हवेंतील कर्बवायु घेतात आणि तो आम्लाच्या रूपानें सांठवितात. दिवसां उजेडांत त्याचें अन्न करितात. फॅलेनॉप्सिस, वांडा आणि जाड पानांच्या पुष्कळ आमरी याच पद्धतीच्या आहेत.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, अशा आमरीला दिवसाच्या उजेडाइतकीच थंड व ओलसर रात्र पाहिजे. वैशाखांत आमच्याकडे गच्चीची फरशी मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. तेथें ठेवलेलें झाड रात्रींहि छिद्रें नीट उघडीत नाहीं व उपाशी राहतें. दुसरी, सायंकाळीं झाडावर नव्हे तर झाडाभोंवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडावें. आमच्या घरीं यावर सोपा उपाय सांपडला. माजघराच्या उत्तरेकडील खिडकीशीं घडवंचीवर पाण्याचे माठ असतात. त्यांच्या पाझरण्यानें ती जागा सदैव गार राहते. चैत्रापासून मृगापर्यंत कुंड्या तेथें ठेवल्या. खालीं परातींत वाळू घालून ती ओली ठेवली व कुंडी विटेच्या तुकड्यावर अशी ठेवली कीं तिचें बूड पाण्यास लागूं नये. खिडकीला दुपारीं ओलें गोणपाट लावलें. त्या उन्हाळ्यांत एकहि पान गळलें नाहीं.

उजेडाचें माप पानावर दिसतें. पान गर्द हिरवें व लुळें असलें तर उजेड कमी. पोपटी-हिरवें व ताठ असलें तर योग्य. पिवळट होऊन त्यावर तपकिरी डाग पडले तर ऊन जास्त. सकाळचें कोंवळें ऊन बहुतेक जातींना चालतें. दहानंतर निम्मी सावली देणारी जाळी किंवा झाडाची विरळ छाया हवी.

पाणी: आपला खरा प्रश्न

आतां पाण्याविषयीं. येथें एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्या मराठवाड्यांत एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेथें केवळ शोभेच्या झाडाला पाणी घालणें शोभतें काय? आमच्या घरांतहि हा वाद झाला, आणि तो योग्यच होता. ज्या घरीं हंडाभर पाण्यासाठीं रांगेंत उभें राहावें लागतें तेथें आमरीचा हट्ट धरूं नये, असेंच मी म्हणेन.

पण हिशेब करून पाहिल्यावर वादाचें स्वरूप पालटलें. एका मध्यम कुंडीस एका वेळीं पाव ते अर्धा लिटर पाणी पुरे होतें. ऋतुमानाप्रमाणें कधीं रोज, कधीं आठवड्यांतून एकदां असें धरलें तरी वर्षाला साधारण शंभर ते दीडशें लिटर होतें. उलट एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर केवळ २० मिलिमीटरची एक चांगली सर पडली तर २०० लिटरचें पिंप भरतें. म्हणजे कोणाच्याहि तोंडचें पाणी न काढतां, पन्हळीखालीं ठेवलेल्या एका झांकलेल्या पिंपावर एक आमरी वर्ष काढते. पिंपाला घट्ट झांकण व तोंडाला फडकें मात्र हवेंच, नाहीं तर डास होतात.

आणि हेंच पाणी तिला सर्वांत मानवतें. आमच्याकडील विंधनविहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतील क्षार कुंडींत सांचतात, मुळांचीं टोंकें काळीं पडतात, आणि नवा कोंब बोटभर होऊन थांबतो. पाण्यांतील क्षार मोजण्याचें लहानसें यंत्र स्वस्तांत मिळतें. आमच्या विहिरीच्या पाण्यांत त्यानें लिटरला ८०० मिलिग्रॅम दाखविले, पावसाच्या पाण्यांत २० हि नाहीं. जीं वर्षें मीं झाडाला दोष दिला त्या वर्षांचा खुलासा या दोन आंकड्यांत झाला.

पाणी सकाळीं घालावें, कुंडींतून वाहून जाईल असें घालावें, आणि मुळें पुन्हां पांढरीं दिसेपर्यंत दुसरें घालूं नये. पावसाळ्यांत वाढ जोरांत असतां रोज किंवा एक दिवसाआड पाणी लागतें. झडीच्या दिवसांत मात्र कुंडी वळचणीखालीं घ्यावी. कार्तिकापासून पाणी कमी करीत जावें. पौष-माघांत बाजारांत मिळणाऱ्या संकरित डेंड्रोबियमला रात्रीं घरांत घ्यावें. १५ अंशांच्या खालीं तें कष्टी होतें.

कुंडी आणि खत

माती नको, तर मग काय? लोणारी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे समभाग घ्यावेत. पूजेच्या नारळांचीं सोडणें आपल्या घरीं कधीं कमी पडत नाहींत. तीं मात्र आठवडाभर भिजवून, रोज पाणी बदलून, मगच वापरावीं, कारण त्यांतहि क्षार असतात. कुंडी मातीची, बाजूंना भोंकें असलेली व झाडाच्या मानानें लहानच असावी.

कुंडी बदलण्याचा मुहूर्त पंचांगांत नाहीं, झाडावर आहे. नव्या कोंबाच्या बुडाशीं नवीं मुळें टोंक काढूं लागलीं कीं तो दिवस खरा. सेलूच्या हवेंत हा दिवस बहुधा मृग-आर्द्रांत येतो. जुन्या कांड्या कुंडीच्या कांठाशीं व कोंब मोकळ्या जागेकडे असें झाड बसवावें, आणि तें हलूं नये म्हणून काडीला बांधावें. हलणाऱ्या झाडाचीं कोंवळीं मुळें घांसून मरतात. नंतर चार-पांच दिवस नुसतें पाणी फवारावें.

खत नव्या वाढीच्या काळांतच द्यावें. कृषि सेवा केंद्रांत १९:१९:१९ या नांवानें मिळणारें विद्राव्य खत चहाचा एक सपाट चमचा दहा लिटर पाण्यांत, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, असें आठवड्यांतून एकदां पुरे होतें. चौथ्या आठवड्यास खत न देतां साध्या पाण्यानें कुंडी धुवून काढावी. लौकर वाढावें म्हणून मात्रा दुप्पट करणें हा मुळें जाळण्याचा मार्ग आहे. पावसाळ्यांत रात्रीं गोगलगाई येऊन मुळांचीं कोंवळीं टोंकें खातात. त्यांच्यासाठीं कंदील घेऊन फेरी घालावी, याहून चांगलें औषध नाहीं.

रानांतील आमरी रानांतच

शेवटीं एक विनंति. सह्याद्रीच्या घाटांतून येतांना झाडावरून उपटलेल्या आमरीच्या जुड्या विकावयास आलेल्या दिसतात. त्या घेऊं नयेत. आमरीचें बीज धुळीसारखें सूक्ष्म असून त्यांत अन्नाचा सांठा मुळींच नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्यावांचून तें रानांत रुजत नाहीं, हें फ्रान्समधील नोएल बर्नार यांनीं १८९९ मध्यें दाखविलें. रुजल्यावरहि फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात. १९२२ मध्यें अमेरिकेंतील ल्यूइस नड्सन यांनीं साखर घातलेल्या पोषकावर तें कांचपात्रांत उगवून दाखविलें, आणि १९६० मध्यें फ्रान्समधील झॉर्झ मोरेल यांनीं शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज आपल्या घरीं येणारीं संकरित झाडें बहुतेक अशा प्रयोगशाळांचीं अपत्यें आहेत. तीं उपलब्ध असतां रानाचें लेणें उतरविण्याचें आपल्याला कांहींच कारण नाहीं. शिवाय रानांतून उपटलेली आमरी घरीं बहुधा जगत नाहीं.

त्या तीन उघड्या कांड्यांच्या आज अकरा झाल्या आहेत. गेल्या आश्विनांत पहिला तुरा आला, तो काकूंनीं पाहिला नाहीं; त्या आदल्या वर्षींच गेल्या. फूल देवाला वाहावें असें घरांत ठरलें, पण तें तोडावयास कोणाचा हात होईना. शेवटीं कुंडीच देवघराच्या दाराशीं नेऊन ठेवली. कोणाच्या घरीं अशीच एखादी पानें झडलेली कुंडी परसांत टाकण्यास काढली असेल, तर त्यांना एवढेंच सांगावयाचें आहे: आधीं कांडी हिरवी आहे कीं नाहीं तें पाहा. हिरवी असेल तर मृग पडेपर्यंत वाट पाहण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. थोडी सावली, थोडें पाणी, आणि हात आवरण्याचा संयम.